क्रिओसोट प्यालेली माती

लाकडाला वाळवी लागू नये, बुरशी धरू नये म्हणून त्याला क्रिओसोट पाजायची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये बंद नळकांड्यात दाब देऊन हे तेल लाकडात मुरवण्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जगभरचे रेल्वेचे स्लीपर, तारेचे खांब त्यात बुडून निघाले. दगडी कोळशापासून कोक करताना डांबर निघतं. ते ऊर्ध्वपातन करून साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जे जड, काळपट तेल मिळतं ते क्रिओसोट.

आमच्या आबाजींकडे दाबाचं नळकांडं नव्हतं. नागपूरच्या लकडगंजात आमची आरामशीन, आणि शहराबाहेर कामठीच्या बाजूला खांब आणि कुंपणाचे डांब तेलात बुडवायचं आवार. सागाला असल्या तेलाची गरज नसते. निलगिरी, चीड असल्या लाकडांना असते. दोन लांब लोखंडी टाक्या, खाली भट्टी. तेल नव्वदेक अंशांपर्यंत तापवायचं, वाळलेले खांब त्यात काही तास ठेवायचे, मग आग ओढून सगळं तसंच निवू द्यायचं. तापताना लाकडातली हवा फुगून बाहेर पडते. निवताना आत पोकळी होते आणि ती तेल ओढून घेते. म्हणजे तेल मुरतं ते थंड होताना. नंतर साखळी-कप्पीने खांब उचलून उघड्या जमिनीवर निथळायला टाकायचे. हे निथळणं वर्षानुवर्षं चाललं. पुढे सिमेंटचे खांब आले, धंदा आटला, ऐंशीच्या दशकात टाक्या भंगारात गेल्या. तेल जमिनीत राहिलं.

धाकट्या भावाला तिथे गोदाम बांधायचं होतं. पायाचे खड्डे घेतले तर दोन हातांखाली माती चकाकायला लागली आणि डांबरगोळ्यांचा वास सुटला. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, आणि क्रिओसोटमध्ये ते भरपूर असतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, तेच कॉलेजात शिकवलं. भावाने फोन केला, "ताई, तू एकदा येऊन पाहून जा, मग काँक्रीट टाकतो." मी जाऊन पाहिलं आणि काँक्रीट थांबवायला लावलं.

त्या तेलाबद्दल मला काय वाटतं ते आधीच सांगते. क्रिओसोटचा सुमारे ८५ टक्के भाग हा एकमेकींना चिकटलेल्या बेंझीन कड्यांच्या संयुगांचा असतो. दोन कड्यांचं नॅप्थलीन, तीन कड्यांचं फेनँथ्रीन, चार कड्यांचं पायरीन, पाच कड्यांचं बेंझो-ए-पायरीन. हे शेवटचं माणसात कर्करोग घडवतं हे आज पक्कं ठाऊक आहे. शंका तर फार जुनी. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचं खापर काजळीवर फोडलं होतं, आणि जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५ च्या सुमारास सशांच्या कानांना डांबर लावून लावून गाठी आणून दाखवल्या. आमच्या आवारात हे कोणालाच माहीत नव्हतं. टाकीवर काम केलेले एक मिस्त्री अजून आहेत, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अंगाले तेल लागलं अन् ऊन पडलं का आग आग व्हायची, बाई. मंग आम्ही रातीच खांब काढत जावो. काऊन होते, हे कोणी सांगतलं नाही जी." कारण साधं आहे. क्रिओसोट लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते. त्यांनी रात्रपाळी लावून स्वतःला जेवढं वाचवलं तेवढंच. काकाजींना मी कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि आता दरवर्षी नेते.

मातीकडे वळण्याआधी ती नीट तपासावी लागते. आवारावर दोरीने चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातून गिरमिटाने वेगवेगळ्या खोलीचे नमुने काढले आणि अशा कड्यांच्या सोळा संयुगांची यादी देऊन प्रयोगशाळेत पाठवले. ही सोळांची यादी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ठरवलेली आहे आणि सगळीकडे तीच वापरतात. टाक्यांखाली आणि निथळण्याच्या पट्ट्यात तेल सर्वात जास्त, हे अपेक्षितच होतं. मला अस्वस्थ केलं ते खोलीने. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते, कधी हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात क्रिओसोट पाण्यापेक्षा जड. तेव्हा दर वैशाखात भेगांतून तेल सरळ खाली उतरलं होतं, पाऊस पडून माती फुगली की वरून भेग मिटली होती. वरचा थर बरा दिसत होता आणि मुरमाच्या तोंडाशी काळे ओघळ होते. काळ्या मातीच्या प्रदेशात असं आवार असेल तर वरच्या वीतभर मातीवर विसंबून निर्णय घेऊ नका, हे मी ज्याला त्याला सांगते.

आवारातल्या विहिरीच्या पाण्यात नॅप्थलीनचा अंश सापडला. विहिरीवर झाकण घालून कुलूप लावलं. शेजारच्या शेतातल्या विहिरीचं पाणीही तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. तो अहवाल मी स्वतः त्या शेतकरी भाऊंच्या हातात नेऊन दिला. शेजाऱ्यापासून असली गोष्ट लपवायची नसते.

मग काय करायचं? सोपा सल्ला सगळ्यांनी दिला: माती खणा, ट्रकात भरा, बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवा, खड्ड्यात नवा मुरूम भरा. काही माती तिकडे जावीच लागली, ते पुढे सांगते. पण सगळीच पाठवणं मला पटत नव्हतं. तेल तसंच राहणार, फक्त त्याचा पत्ता बदलणार. आणि हे तेल कार्बनचं आहे, ते खाणारे जिवाणू जगात आहेत, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आले होते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ब्रेनर्डजवळ १९०७ ते १९८५ पर्यंत रेल्वेचे स्लीपर बुडवणारा कारखाना होता. तिथली क्रिओसोटची माती अस्तराच्या वाफ्यात पसरून, नांगरून, जिवाणूंकडून साफ केली गेली. आणि इतकं लांब कशाला जायचं. नागपुरात १९५८ पासून आज जिला नीरी म्हणतात ती पर्यावरण संशोधनाची संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी, मुळांवरची बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू वापरून झाडं उभी केली. माती उचलून न नेता जागच्या जागी सुधारते, यावर माझा विश्वास बसायला तेवढं पुरे होतं.

आम्ही सुरुवात कुंड्यांपासून केली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने या कामात मन लावून साथ दिली. त्याच आवारातली माती, काही कुंड्यांत नुसती, काहींत खत आणि हवा, काहींत वरून बाजारात मिळणारी जिवाणूंची भुकटी. खत-हवेच्या आणि भुकटीच्या कुंड्यांत फरक जवळजवळ निघालाच नाही. याचं मला नवल वाटलं नाही. चाळीस-पन्नास वर्षं जिथे तेल सांडलंय तिथे ते खाणारे स्यूडोमोनास, स्फिंगोमोनास, मायकोबॅक्टेरियम कधीच वस्तीला आलेले असतात. त्यांना कमी पडत होती हवा, नत्र आणि स्फुरद. तेलात कार्बन अमाप, बाकी काही नाही. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण १००:१०:१ च्या जवळपास आणून द्यायचं, हा या कामातला जुना आडाखा आहे. हवेचंही गणित आहे. एक किलो नॅप्थलीन पूर्ण संपवायला तीन किलो ऑक्सिजन लागतो. चिकट काळ्या मातीत तो आपोआप शिरत नाही. भुकटी विकणाऱ्यांच्या नादी लागण्याआधी आपल्याच मातीत कोण राहतं ते पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात अर्ज, आराखडा, परवानगी यात बराच काळ गेला. तेव्हा अशा जागांसाठी वेगळे नियम नव्हते. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्राने २०२५ मध्ये आणले. आता निदान कोणत्या दारावर जायचं ते ठरलेलं आहे.

वाफा बांधताना आम्ही कुठेही काटकसर केली नाही. खाली धुमसाने ठोकलेली चिकणमाती, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर गिट्टी आणि झिरपणारं पाणी एका टाकीत आणणारे पाइप. वर टिनाचं छप्पर, कारण नागपूरचा जुलै उघड्या वाफ्याचा चिखल करून तेल ओढ्याला पोचवेल. टाकीत जमलेलं पाणी पुन्हा वाफ्यावरच शिंपायचं, बाहेर थेंब जाऊ द्यायचा नाही. माती चाळून हातभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरला.

आता काळी माती. ओली असेल तर कुदळीला चिकटते, वाळली तर दगड. हवा खेळायची तर तिच्यात काहीतरी भरड घालावं लागतं. आरामशीनवर भुसा फुकट होता, आणि भावाने पोती भरूनही ठेवली होती, पण भुशात नत्र नगण्य असतं. तो कुजताना जिवाणूंचं सगळं नत्र ओढून घेतो. म्हणून भुसा थोडाच घेतला आणि भर दिला पऱ्हाट्यांवर. कापूस वेचून झाला की विदर्भात पऱ्हाट्यांना तोटा नसतो, अर्ध्या तर धुऱ्यावर जाळतात. त्यांचे बोटाएवढे तुकडे करून, शेणखत आणि तणसाबरोबर मातीत मिसळले. त्यावर मोजून युरिया आणि सुपर फॉस्फेट. माती पोकळ झाली, हातात घेतली की भुरभुरायला लागली.

यानंतरचं काम गुरं पाळण्यासारखं आहे: वेळेवर चारा, वेळेवर पाणी, मोकळी हवा, आणि रोज एक चक्कर. आठवड्याला रोटाव्हेटर फिरवायचा. पाणी किती, हे सांगायला आमच्याकडे मापक होतं, पण खरा निर्णय काकाजींचा. ते मूठभर माती दाबून उघडत आणि म्हणत, "वाफसा हाय, फिरवा." पुस्तकातलं 'जलधारणक्षमतेच्या साठ ते ऐंशी टक्के' आणि त्यांचा वाफसा यांत मला कधी मोठी तफावत दिसली नाही. ज्या मातीने त्यांची कातडी भाजली तिची मशागत ते हातमोजे, बूट, मास्क घालून करत होते. मी त्यांना फक्त बसून सांगा म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

उन्हाळ्याने परीक्षा पाहिली. पारा ४५ च्या वर गेला की वाफ्याचा वरचा थर सकाळी ओला आणि दुपारी राख. आम्ही सूर्य उगवण्याआधी मशागत करून पाणी देऊन ताडपत्री घालत होतो. यामागे आणखी एक कारण होतं. नॅप्थलीन उडून जातं. गरम दुपारी माती फिरवली तर ते हवेत जाईल, कागदावर आकडा उतरेल आणि आपण जिवाणूंना शाबासकी देऊ. हे होऊ नये म्हणून निर्जंतुक केलेल्या मातीचा एक ट्रे बाजूला ठेवून तोही तपासत राहिलो. जे तिथेही कमी झालं ते उडालं, ते आपल्या खात्यात धरायचं नाही. असं काम करणाऱ्या कोणीही हा ट्रे न ठेवता दिलेला आकडा मी मानत नाही.

पहिल्या पावसाळ्याअखेर दोन आणि तीन कड्यांची संयुगं फार मोठ्या प्रमाणात गेली होती. डांबरगोळ्यांचा वास जाऊन मातीला मातीचा वास आला होता. भाऊ म्हणाला, "झालं ना मग?" झालं नव्हतं. चार कड्यांची अर्धवट होती आणि पाच कड्यांची जवळजवळ होती तशीच. ही मोठी संयुगं पाण्यात विरघळत नाहीत, चिकणमातीच्या आणि सेंद्रिय कणांच्या आत दडून बसतात, आणि जिवाणूंना ती खाऊन पोट भरण्याइतकी ऊर्जा मिळत नाही. नेमकी हीच कर्करोगाची. वास गेला म्हणून थांबणं म्हणजे धोका तसाच ठेवून फक्त त्याची खूण पुसणं झालं असतं.

इथे आम्ही बुरशीकडे गेलो. लाकूड पांढरं पाडून कुजवणाऱ्या बुरशी लाकडातलं लिग्निन तोडायला पेशीबाहेर विकरं सोडतात. लिग्निनही कड्याकड्यांचंच बनलेलं, आणि ही विकरं फारशी चोखंदळ नसतात. लिग्निनवर सोडलेली, पायरीन आणि बेंझो-ए-पायरीनलाही तोडतात. ज्या जातीच्या बुरशीपासून लाकूड वाचवायला हे तेल पाजलं, त्याच जातीची बुरशी ते तेल मोडते, हे मला या सगळ्या कामातलं सर्वात सुंदर वाटलं. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीवर यात सर्वाधिक संशोधन झालं आहे आणि तिला चाळीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. आम्ही मात्र हाताशी असलेली धिंगरी निवडली, तीच अळिंबी जी घरोघरी पिशव्यांत पिकवतात. नागपूरचा हिवाळा तिला छान मानवतो. पऱ्हाट्या उकळून, निथळून, त्यांवर धिंगरीचं बियाणं वाढवलं, तुकडे पांढरे फट्ट झाल्यावर मातीत थरांनी पेरले. या काळात रोटाव्हेटर बंद, कारण बुरशीचे धागे तुटतात. वाफ्याच्या कडेला फुटलेल्या अळिंब्या रोज खुडून घातक कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो. त्या दिसायला तजेलदार होत्या; कामावरच्या पोट्ट्यांना पुन्हा पुन्हा बजावावं लागलं.

मोठी संयुगं हलली. झपाट्याने नाही, पण दोन हिवाळ्यांत निश्चित हललेली अहवालात दिसली. मधल्या काळात एक गोष्ट घडली जी लोक सहसा सांगत नाहीत. आकडे उतरत असताना मातीचा विषारीपणा वाढला. आम्ही प्रत्येक नमुन्यात मूग आणि ज्वारी उगवून पाहत होतो, शिवाय गांडुळं सोडून त्यांची चौदा दिवसांची प्रमाणित चाचणी घेत होतो. बुरशी घातल्यावर काही महिने उगवण घटली. अर्धवट तुटलेली संयुगं मूळ तेलापेक्षा पाण्यात जास्त विरघळतात आणि काही अधिक त्रासदायक असतात. तेव्हा पुन्हा जिवाणूंची पाळी आणली: खत, पाणी, मशागत. हे तुकडे त्यांना खाता येतात. हळूहळू मूग पूर्वीसारखा उगवला, गांडुळं जगली. सोळांच्या यादीबाहेर काय चाललंय ते यादी सांगत नाही, मूग सांगतो.

आता बुटीबोरीला गेलेल्या मातीबद्दल. आवाराच्या एका कोपऱ्यात वास नव्हता, तेल नव्हतं, पण तिथे तण सुद्धा धड उगवत नव्हतं. काकाजी म्हणाले, तिथे खांबांना हिरवं पाणी लावत होते. तपासलं तर तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. हे मिश्रण आपल्याच देशातलं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये ते शोधलं, 'ॲस्कू' नावाने जगभर गेलं, आणि त्याने कोट्यवधी खांब वाळवीपासून वाचवले. पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू, कोणतीही बुरशी त्याला तोडून संपवू शकत नाही. फार तर त्याचं रूप बदलते. जैविक सफाईची हद्द इथे संपते, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं मुळांवाटे आर्सेनिक शोषून पानांत साठवतं. ते फ्लोरिडातल्या एका सोडून दिलेल्या लाकूड-प्रक्रियेच्या जागेवरच सापडलं होतं आणि २००१ मध्ये ते जगापुढे आलं. मी त्याचा गंभीरपणे विचार केला. पण आमच्या कोरड्या, तळपत्या आवारात ते सावली आणि पाणी देऊन वर्षानुवर्षं जगवायचं, पानं कापून तीही घातक कचरा म्हणूनच पाठवायची, आणि तोवर तो कोपरा उघडा ठेवायचा, हे मला सुरक्षित वाटलं नाही. तो कोपरा खणला, माती झाकबंद ट्रकांतून रीतसर कागदपत्रांसह पाठवली. ती आमच्या मुख्य वाफ्यात मिसळली असती तर आर्सेनिक सगळीकडे पसरलं असतं आणि तांब्याने जिवाणूही मेले असते. म्हणूनच सुरुवातीच्या तपासणीत फक्त तेलाची संयुगं न मागता धातूही मागा.

पहिल्या वाफ्यातली माती आता परत जागेवर पसरली आहे. तिच्यात बेंझो-ए-पायरीनचा अंश अजून आहे, ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत. तिथे भाजीपाला लावायचा नाही, असं आम्ही लेखी ठरवलं आणि सातबाऱ्याच्या कागदांना ती तपासणी जोडून ठेवली आहे, म्हणजे उद्या जमीन कोणाच्याही हाती गेली तरी त्याला कळेल. करंज आणि बांबू लावले आहेत. भावाचं गोदाम आवाराच्या दुसऱ्या टोकाला, स्वच्छ निघालेल्या चौकोनांवर उभं राहिलं.

टाक्यांखालची खोल माती बाकी आहे. तिथे तेल इतकं दाट आहे की जिवाणू त्यातच गुदमरतात. आधी ती कमी तेलाच्या मातीत मिसळून पातळ करावी लागेल. त्यासाठीचा दुसरा वाफा पाऊस संपल्यावर, वाफसा आला की भरायचा. पऱ्हाट्या तेव्हा मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच आसपासच्या शेतांतून घेऊन, तुकडे करून टिनाखाली रचल्या आहेत. विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासायला जातं. यंदाच्या दोन्ही अहवालांत नॅप्थलीन आलं नाही. विहिरीचं कुलूप तरीही काढलेलं नाही. दुसरा वाफा संपून त्यानंतरचे दोन पावसाळे पाणी स्वच्छ राहिलं, तर तेव्हा पाहू.